भलतंच पान उघडतं, प्रिंटर सापडत नाही : दुरुस्तीचा खरा खर्च किती?

घरच्या इंटरनेटच्या दोन तक्रारींवर लोकांचे पैसे फार फुकट जातात. पहिली अशी, की पत्ता बरोबर टाकूनही जाहिरातींचं, लॉटरीचं किंवा ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ असं बजावणारं पान उघडतं. दुसरी अशी, की प्रिंटर, टीव्ही किंवा शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर त्याच वायफायवर असूनही लॅपटॉपला दिसत नाही. दोन्हींवर मिळणारे सल्ले ठरलेले असतात : विंडोज फॉरमॅट करून घ्या, राउटर बदला, अँटिव्हायरसचं वर्षाचं पॅक भरा. हे तिन्ही केलं तर सहज चार-पाच हजारांना खड्डा पडतो, आणि बऱ्याचदा तक्रार जागच्या जागीच राहते. कारण दोष नेमका कुठे आहे हे कुणी तपासलेलंच नसतं. ती तपासणी घरी, फुकट आणि दहा-पंधरा मिनिटांत होते. खिशात हात घालायचा तो त्यानंतर.

दोष कुठे आहे? खर्च शून्य

आपण टाइप केलेल्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिचा आराखडा मांडला आणि आजही सगळं इंटरनेट तिच्यावरच चालतं. तुमचा लॅपटॉप पत्ता विचारतो राउटरला, राउटर विचारतो इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला. लॅपटॉप, राउटर आणि कंपनी या तीन ठिकाणांपैकी कुठेही उत्तर बदललं, तर तुम्ही भलत्या पानावर जाऊन पोचता.

म्हणून पहिली गोष्ट : लॅपटॉप घरच्या वायफायवरून काढा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावा. त्रास तिथेही झाला तर दोष लॅपटॉपमध्ये आहे. त्रास थांबला तर दोष राउटरमध्ये किंवा कंपनीकडे आहे. खात्रीसाठी घरातला दुसरा फोन वायफायवर लावून तेच पान उघडून बघा. दोन वेगवेगळ्या उपकरणांवर एकच लक्षण दिसत असेल, तर लॅपटॉप फॉरमॅट करून काहीही साधणार नाही, मग दुकानदार कितीही खात्री देवो.

दोष लॅपटॉपचा निघाला तरी तो डीएनएसचा असेलच असं नाही. आधी ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्स बघा. आपण स्वतः न टाकलेलं प्रत्येक काढून टाका. मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये कोणकोणत्या साइटना नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलीय ते तपासा. उजव्या कोपऱ्यात उसळणाऱ्या बऱ्याचशा ‘व्हायरस’च्या सूचना तिथूनच येतात. तिसरी जागा म्हणजे विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये, ड्रायव्हर्स आणि त्याच्या आत ईटीसी या फोल्डरात असलेली ‘होस्ट्स’ नावाची फाइल. नोटपॅडमध्ये उघडली की साध्या घरगुती कॉम्प्युटरवर तिच्या जवळजवळ सगळ्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. हॅश नसलेल्या ओळीत अनोळखी आकडे आणि त्यापुढे बँकेचं किंवा एखाद्या ओळखीच्या साइटचं नाव दिसलं, तर कुणीतरी हात फिरवलाय. साफसफाईसाठी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर फुकट आहे. शिवाय केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मोफत साधनं मिळतात.

काळ्या खिडकीतल्या दोन चाचण्या

दोष घराबाहेरचा वाटत असेल तर पुढच्या दोन चाचण्या करा. तंत्रज्ञ आला तर त्यालाही तुमच्यासमोर करायला सांगा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘एनएसलुकअप’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडा, अर्थ नसलेली दहा-बारा अक्षरं मारा, त्यापुढे डॉट कॉम लिहा आणि शेवटी आणखी एक टिंब द्या. ते शेवटचं टिंब विसरू नका. ते नसेल तर विंडोज कधीकधी नावाला आपल्या पदरचं शेपूट जोडून बघतं आणि निकाल गढूळ होतो. असं नाव जगात नसल्यामुळे ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ हे उत्तर यायला हवं. त्याऐवजी एखादा आकडी पत्ता आला, तर वाटेत कुणीतरी ‘नाही’चं ‘हो’ करतंय.

दुसरी चाचणी याहून बोलकी आहे. पुन्हा एनएसलुकअप, मग कोणतंही खरं नाव, मग एक जागा सोडून १९२.०.२.१ हा पत्ता, आकडे अर्थात इंग्रजी. हा पत्ता पुस्तकांत आणि तांत्रिक कागदपत्रांत उदाहरण म्हणून वापरण्यासाठी राखून ठेवलेला आहे. सार्वजनिक इंटरनेटवर त्या पत्त्यावर कोणताही सर्व्हर नसतो. म्हणून काही सेकंद वाट बघून ‘टाइम्ड आउट’ येणं हेच बरोबर. पण टुणकन उत्तर आलं, तर तुम्ही प्रश्न कुणालाही विचारा, मधलाच कुणीतरी तो अडवून स्वतः उत्तर देतोय. हा ‘कुणीतरी’ घरचा राउटरही असू शकतो, कंपनीही.

या निकालावर पुढचा खर्च ठरतो. पहिली चाचणी नापास आणि दुसरी पास असेल, तर डीएनएसचा पत्ता बदलला की काम झालं. दुसरीही नापास असेल, तर नुसता पत्ता बदलून उपयोग नाही. साधे डीएनएसचे प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून उघडे जातात, आणि अडवणारा ते पत्त्याकडे न बघता अडवतो. तिथे प्रश्न कुलूपबंद करूनच पाठवावा लागतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. काही साइट सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद असतात, आणि त्या उघडल्या की बऱ्याचदा तसं सांगणारा संदेश दिसतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली किंवा न्यायालयाच्या हुकमाने हे होतं. तो बिघाड नव्हे आणि त्यासाठी तंत्रज्ञाला बोलावण्यात अर्थ नाही.

पत्ता बदलणे : शून्य रुपये

चांगले सार्वजनिक डीएनएस सर्व्हर फुकट आहेत. गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे २००९ पासून चालू आहेत, क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१ हे २०१८ पासून. घरात लहान मुलं किंवा पटकन भुलणारी ज्येष्ठ माणसं असतील तर मी क्वाड९चा ९.९.९.९ सुचवेन. तो ना-नफा संस्थेचा आहे आणि घातक म्हणून ओळखल्या गेलेल्या साइटची नावं तो सांगतच नाही. जोडीचा दुसरा पत्ता १४९.११२.११२.११२.

विंडोज ११ मध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोर एडिट करून हे आकडे भरा आणि तिथेच खाली ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू करा. हेच ते कुलूप. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय आहे. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं; गूगलचं ‘डीएनएस डॉट गूगल’, क्वाड९चं ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’. स्टेशनवरच्या किंवा हॉटेलातल्या वायफायचं लॉगिनचं पान यामुळे उघडलं नाही, तर ती सोय तेवढ्यापुरती ‘ऑटोमॅटिक’वर न्या.

आता सर्वांत जास्त लोक जिथे फसतात ती गोष्ट. हल्ली बहुतेक फायबर जोडण्यांवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन्ही रस्ते चालू असतात. तुम्ही ८.८.८.८ भरलंत ते फक्त पहिल्या रस्त्यासाठी. दुसऱ्यावर कंपनीचाच सर्व्हर राहतो आणि लॅपटॉप मुकाट्याने त्यालाच विचारत बसतो. ‘डीएनएस बदलून पाहिला, फरक पडला नाही’ असं कुणी म्हणालं की मी पहिली शंका याच गोष्टीची घेतो. आयपीव्ही६च्या चौकटीतही त्याच सेवेचा पत्ता भरायला हवा. तो त्या सेवेच्या अधिकृत पानावरून उतरवून घ्या, ऐकीव माहितीवर नको.

याच कामासाठी पैसे मागणाऱ्या सेवाही आहेत. जाहिराती गाळणं, मुलांसाठी वेळा ठरवणं अशा जादा सोयी त्या देतात. त्या हव्या असतील तर जरूर घ्या, पण भलतं पान उघडण्याचा त्रास थांबवायला त्यांची गरज नाही. व्हीपीएनचीही नाही. आणि त्या भलत्या पानावरच दिलेल्या ‘सपोर्ट’ क्रमांकावर तर मुळीच फोन करू नका. तिकडचा माणूस स्क्रीन ताब्यात घेऊन काही हजार मागतो आणि बँकेच्या खात्यात डोकावतो. तसं घडलंच असेल तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदतवाहिनीला कळवा. कॉम्प्युटरची दुरुस्ती नंतर.

उत्तर बदलण्याचा धंदा किती मोठा होऊ शकतो याची नोंद इतिहासात आहे. सप्टेंबर २००३ मध्ये डॉट कॉम आणि डॉट नेट सांभाळणाऱ्या व्हेरीसाइनने, अस्तित्वात नसलेलं कोणतंही नाव टाकलं की स्वतःचं ‘साइट फाइंडर’ पान दाखवायला सुरुवात केली. पाठवणाऱ्याचं नाव खरं आहे का हे तपासून नको असलेली मेल गाळणाऱ्या यंत्रणा त्यामुळे गोंधळल्या, आणि इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने सज्जड तंबी दिल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते थांबवावं लागलं. दुसरं प्रकरण उघड गुन्हेगारीचं. डीएनएसचेंजर या व्हायरसने शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचे डीएनएस पत्ते बदलले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळीचा छडा लावला आणि एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. टोळीचे सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर बाधित लोकांचं इंटरनेटच ठप्प झालं असतं, म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

राउटर : शून्यापासून अडीच हजारांपर्यंत

घरातल्या सगळ्याच उपकरणांना त्रास होत असेल तर राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन डीएनएसचे आकडे बघा. अनोळखी आकडे असतील तर राउटर मूळ स्थितीत आणायचा, ॲडमिनचा पासवर्ड बदलायचा, फर्मवेअर ताजं करायचं आणि बाहेरून राउटर हाताळण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय बंद करायची. पासवर्ड ‘ॲडमिन’च ठेवलेले राउटर हा चोरांचा सर्वांत सोपा दरवाजा आहे.

पण मागच्या बारीक भोकात पिन घालण्याआधी थांबा. कंपनीने किंवा केबलवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्यात जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड साठवलेले असू शकतात. रीसेट केलं की ते पुसले जातात, इंटरनेट बंद पडतं, आणि माणूस येईपर्यंत एक-दोन दिवस जातात. काही ठिकाणी त्या फेरीचे दोनशे-तीनशे रुपयेही घेतात. आधी फोन करून ही माहिती लिहून घ्या. ती मागणं तुमचा हक्कच आहे.

काही डब्यांत डीएनएस बदलायची चौकटच कुलूपबंद असते. तेव्हाच स्वतःचा राउटर घेण्यात अर्थ आहे. साधा एका बँडचा राउटर बाजारात साधारण हजार ते दीड हजारांना मिळतो, दोन बँडचा अठराशे ते अडीच हजारांना. दोन-तीन खोल्यांच्या घराला त्यापुढे जायचं कारण नाही. यासाठी दहा हजारांचा मेश संच विकायला कुणी बसला असेल तर नम्रपणे उठून या.

प्रिंटर दिसत नाही त्याचं काय?

वायफायवरची उपकरणं एकमेकांना ओळखतात ती हाका मारून. लॅपटॉप घरातल्या घरात ‘इथे कुणी प्रिंटर आहे का?’ अशी हाक घालतो आणि प्रिंटर ‘ओ’ देतो. या हाकांच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एमडीएनएस, जिला ॲपलने बोंजूर हे नाव दिलं, ही २२४.०.०.२५१ या पत्त्यावर आणि ५३५३ पोर्टवर चालते; त्यातली नावं ‘डॉट लोकल’ने संपतात. दुसरी एसएसडीपी, म्हणजे यूपीएनपीचा शोधणारा भाग. तिचा पत्ता २३९.२५५.२५५.२५० आणि पोर्ट १९००. एमडीएनएसची हाक राउटर ओलांडून पलीकडे जातच नाही, तिची रचनाच तशी आहे.

आणि इथेच पहिल्या तक्रारीचा इलाज दुसरी तक्रार जन्माला घालतो. फायबरच्या डब्यामागे नवा राउटर जोडला की घरात दोन वायफाय होतात. प्रिंटर जुन्यावर राहतो, लॅपटॉप नव्यावर येतो, आणि दोघांमध्ये राउटर आल्यामुळे हाक पोचत नाही. मग प्रिंटर बिघडला म्हणून तोही दुरुस्तीला जातो. नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावला तर प्रिंटर दिसायला लागेल, पण तेव्हा पत्ते वाटण्याचं काम पुन्हा जुन्या डब्याकडे जातं आणि त्याच्याबरोबर कंपनीचा डीएनएसही परत येतो. खरा उपाय साधा आहे : जुन्या डब्यातलं वायफाय बंद करा आणि टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे, सगळं नव्या राउटरवर आणा. कंपनीला सांगून डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घेता आला तर उत्तमच.

विंडोजवर हाक ऐकू येत नसेल तर आधी वायफायची जात बघा. ते ‘पब्लिक’ ठरवलेलं असेल तर लॅपटॉप मुद्दाम गप्प बसतो. घरात ते ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करा. चालू केलेलं बटण पुन्हा पुन्हा आपोआप बंद होत असेल तर त्यामागच्या सेवा बंद पडलेल्या असतात. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’, ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’, ‘यूपीएनपी डिव्हाइस होस्ट’ आणि ‘डीएनएस क्लायंट’ या चार चालू आहेत का ते पाहा. पहिली ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. प्रिंटर चुकून ‘गेस्ट’ वायफायवर तर नाही ना, हेही बघा. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणं हाच हेतू असतो.

भलतं पान आणि न सापडणारा प्रिंटर हे कधीकधी एकाच बिघाडाचे दोन चेहरे असतात. विंडोजऐवजी वापरल्या जाणाऱ्या उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हे स्पष्ट दिसायचं. तिथे हाका मारण्याचं काम अवाही नावाचा प्रोग्रॅम करतो. सुरू होताना तो कंपनीच्या डीएनएसला ‘डॉट लोकल नावाचं काही तुमच्याकडे आहे का?’ असं विचारायचा. सरळमार्गी सर्व्हर ‘नाही’ म्हणायचा. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणून जाहिरातीचं पान पुढे करणारा सर्व्हर इथेही ‘हो’ म्हणायचा, आणि अवाही आपलं काम थांबवून ‘या नेटवर्कवर डॉट लोकल डोमेन आहे’ अशी सूचना दाखवायचा. अवाहीच्या सेटिंगमध्ये ती तपासणी बंद करता यायची, पण मूळ दुखणं डीएनएसचं होतं आणि तो बदलला की प्रिंटर आपोआप दिसायचा. म्हणून दोन्ही तक्रारी एकदम असतील तर हात आधी डीएनएसलाच घाला.

राउटरमधलं ‘यूपीएनपी’ मात्र बंद ठेवा. ते बंद केल्याने टीव्ही किंवा प्रिंटर दिसेनासे होत नाहीत. थांबतं ते फक्त घरातल्या उपकरणांनी बाहेरच्यांसाठी आपणहून दारं उघडणं. सीसीटीव्ही बसवणारी माणसं मोबाइलवर चित्र लवकर दिसावं म्हणून हे चालू करून जातात. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने तपासलं, तेव्हा जगभरातल्या ८ कोटींहून अधिक पत्त्यांवरून यूपीएनपीच्या हाकेला थेट इंटरनेटवर ‘ओ’ मिळाली होती. घरातली हाक घराबाहेर ऐकू जाणं हा धोका आहे आणि त्यावरचा उपाय फुकट आहे.

तंत्रज्ञ बोलवायचा असेल तर

स्वतः करणं जमत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत घरी येऊन बघण्याचे साधारण तीनशे ते सातशे रुपये घेतले जातात आणि वर सांगितलेलं सगळं एका फेरीत, तासाभरात होतं. दवाखाना, डीटीपीचं दुकान, सीएचं ऑफिस अशा पाच-सात कॉम्प्युटरच्या जागेला अर्ध्या दिवसाचे दीड ते तीन हजार रास्त आहेत. काम सुरू होण्याआधी ठरवा : भेटीचे पैसे वेगळे की त्यातच, आणि चाचणीचा निकाल न दाखवता फॉरमॅट करायचं नाही. फॉरमॅटचे पाचशे ते हजार रुपये वेगळे लागतात आणि फोटो, टॅलीचा डेटा जाण्याची जोखीम आपली. जाताना त्याच्याकडून राउटरचा पत्ता, नवा ॲडमिन पासवर्ड, जोडणीचं युजरनेम आणि भरलेले डीएनएस पत्ते एका कागदावर लिहून घ्या. पुढच्या वेळचे पाचशे रुपये तो कागद वाचवतो.

दोष कंपनीचाच निघाला तर तक्रारीलाही पैसे पडत नाहीत. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. ‘बघतो’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. तक्रारीत ‘नेट नीट चालत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘अस्तित्वात नसलेल्या नावाला पत्ता मिळतो, आणि १९२.०.२.१ वर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येतं’ असं लिहा आणि तारीख-वेळ दिसणारे दोन्ही चाचण्यांचे स्क्रीनशॉट जोडा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला शुल्क नाही. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र धाडून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेसाठी तिथे शुल्क शून्य आहे. टेलिकॉम कंपन्यांविरुद्धची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असं कंपनीचा माणूस सांगेल, तर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्येच ती चालते असा निकाल दिला आहे, हे त्याला सांगा.